हद्दीबाहेरून

दातारांची वाडी, देवखार
१४ नोव्हेंबर १९५४

सौ. गोदावरीबाई दातार,
सभासद, देवखार नगरपालिका, यांस,

नवऱ्याने बायकोला असा मायना लिहिलेला पाहून तुम्हाला लागेल. लागावे म्हणूनच लिहिला आहे.

आपल्या पाखाडीतली बावीस घरे नगरपालिकेच्या हद्दीतून वगळल्याचा हुकूम परवा आला, आणि काल सकाळी तुम्ही एक ट्रंक, एक वळकटी आणि शिवणाचे मशीन घेऊन वाचनालयामागच्या दोन खोल्यांत राहायला गेलात. मुंबईला बहिणीकडे गेला असतात तर लोकांना सांगायला मला काही कारण तरी उरले असते. तुम्ही गेलात अर्ध्या मैलावर. गावातल्या प्रत्येक रिकामटेकड्याला इथून तिथवर चालत जाऊन खात्री करून घेता यावी अशी सोय केलीत.

देवघरात ठेवलेली चिठ्ठी वाचली. 'हद्दीबाहेर राहणाऱ्याला सभासद राहता येत नाही. वाडी पुन्हा हद्दीत आली की घरी येईन, नाहीतर माझी मुदत संपल्यावर.' मुदत संपायला अडीच वर्षे आहेत. तेवीस वर्षांच्या संसारापेक्षा त्या खुर्चीचे वजन जास्त भरले, हे कळवल्याबद्दल आभारी आहे.

फेब्रुवारीतली गोष्ट मी विसरलेलो नाही. डोंगरातल्या तलावावरून गावात नळ आणायचा आणि त्यासाठी घरपट्टी दीडपट करून वर पाणीपट्टी बसवायची, असा तुमच्या अध्यक्षांचा ठराव. बाजाराच्या मैदानात नागरिकांची सभा झाली. मी सव्वा तास बोललो. 'तहान नसलेल्याकडून पाण्याचे पैसे घेणे याला कर म्हणत नाहीत, जुलूम म्हणतात' या वाक्यावर टाळ्या थांबेनात. अध्यक्ष उत्तराला उठले आणि नळाच्या व्यासाबद्दल बोलले. त्या माणसाला इतिहासातली एकही करबंदी ठाऊक नाही. फ्रान्सात मिठावरच्या करापायी काय झाले हे सांगायला गेलो तर त्याने फ्रान्सात मिठागरे कुठे असतात असे विचारले.

दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत मते पडली. सहा बाजूने, सहा विरुद्ध, आणि राहिलात तुम्ही. स्त्रियांच्या जागेसाठी तुम्हाला मीच उभे केले होते. अर्जावर सही तुमची, प्रचार सगळा माझा. वर्षभरात तुम्ही सभागृहात तोंड उघडले नव्हते. त्या दिवशी उघडलेत. 'आमच्या विहिरीला पाणी आहे. कोळीवाड्यात, केसरच्या आळीत नाही. माझा हात वर आहे, लिहून घ्या.'

एवढेच. याला भाषण म्हणत नाहीत.

मग मी कलेक्टरकडे गेलो. आम्ही बागाईतदार आहोत, शहराशी आमचा संबंध नाही, आम्हाला वगळा. बावीस घरमालकांनी एका दिवसात सह्या दिल्या. तीस साली सत्याग्रहासाठी सह्या मागत हिंडलो होतो तेव्हा यांतल्या निम्म्यांच्या घरी कुणीतरी आजारी होते. पण या वेळी लोक जागे झाले.

श्यामलाकाकू स्वयंपाकघरातून विचारते की तुमचे ताट मांडायचे का. तिला काय सांगू ते कळवा.

यज्ञेश्वर

९ जानेवारी १९५५

सौ. गोदावरीबाई, सभासद, यांस,

तुमच्या नगरपालिकेचा नवा पराक्रम. आपल्या फाटकासमोर, जिथे आपला गडगा संपतो तिथे, एक बांबू आडवा टाकून जकात नाका उभा केला आहे. बांबूला लाल रंग दिला आहे. बाकी कामांना पैसे नसतात, रंगाला असतात.

आज धर्माजी नारळांची गाडी बाजाराला घेऊन निघाला. नाक्यावर सदा कारकून. मी स्वतः बाहेर गेलो.

"अण्णा, परगावचा माल आहे. जकात पडेल," सदा म्हणाला.

"परगावचा? अरे सद्या, तुझ्या बारशाला आणलेला नारळ याच झाडाचा होता."

"होता, अण्णा. पण तेव्हा झाड हद्दीत होतं."

धर्माजी हसला. मी त्याच्याकडे पाहिले तेव्हा तो बैलाच्या कानाशी वाकून म्हणाला, "चल रं बाबा, तुला न्हाय जकात. तू काय अर्ज क्येला न्हवतास."

पावती फाडली. चिमणीच्या घरट्याला उपयोगी पडेल अशा कागदावर. इतकी वर्षे ज्या बाजाराला आपली सुपारी जाते त्या बाजारात मी आता परका व्यापारी आहे. कायदा असाच असेल तर तो गाढवांनी केला आहे, आणि गाढवांमध्ये तुम्ही बसता.

ही पत्रे धर्माजीबरोबर पाठवतो. पत्राला जकात नाही, ही चूक तुमच्या कमिटीच्या ध्यानात आलेली दिसत नाही.

यज्ञेश्वर

२२ मार्च १९५५

सौ. गोदावरीबाई, सभासद, यांस,

गेल्या पत्राच्या पाठीवर तुमचे उत्तर आले: 'पावत्या जपून ठेवाव्या. माल गावात न विकता पुढे रेवसला गेला तर जकात परत मिळते.' नवऱ्याला हेडक्लार्कच्या भाषेत उत्तर देणारी बायको या कुलाबा जिल्ह्यात दुसरी नसेल.

आता ऐका. रहाट काढून टाकला.

काल विहिरीवर इंजिन बसले. पाच घोड्यांचे. मुंबईहून लाँचने रेवसला उतरले आणि तिथून दोन गाड्या जोडून आणले. मोरयाची पूजा करून मी स्वतः चक्र फिरवले. सगळी पाखाडी जमली होती. मी म्हणालो, यंत्राला भिणारा माणूस आयुष्यभर बैलाच्या मागेच फिरत राहतो. नळाची भीक नको असलेल्या माणसाने स्वतःचे पाणी कसे उपसावे ते देवखारने येऊन पाहावे. हे इंजिन अख्ख्या गावाला पाणी पाजील. हरेश्वरभाऊंनी मला हार घातला. शेजारी म्हणून त्यांच्याबद्दल तुमचे मत काही असो, माणसाला उदात्ताची जाण आहे.

तुम्ही मागे म्हणत असा की रहाट थांबतो तेव्हा विहीर भरते, तिला दम खाऊ द्यावा. विहिरीला दम लागतो हे शास्त्र तुम्ही कुठल्या शाळेत शिकलात? बैल सुटे, लोटे थांबत, संध्याकाळी वाडी अर्धी भिजलेली राही. आता दोन तासांत शेवटच्या पोफळीपर्यंत पाट वाहतो. पाहायला या. नाक्यावर तुम्हाला अडवणार नाहीत, माणसांवर अजून जकात नाही.

यज्ञेश्वर

६ मे १९५५

सौ. गोदावरीबाई यांस,

इंजिन उत्तम चालू आहे.

श्यामलाकाकूचा हात बिघडला आहे, तिला स्वयंपाक जमेनासा झाला आहे. चार दिवस झाले, तुरीची डाळ शिजत नाही. दोन तास चुलीवर ठेवून दाणा अख्खा. मी ताट सारले तेव्हा म्हणाली, "डाळ नवीन आणा." नवीन आणली. तीही तशीच. दुकानदार चोर आहे. तुमच्या बाजारात हल्ली असलीच जात बसते आणि तुमची कमिटी परवाने देते.

म्हैससुद्धा बिघडली आहे. चहात दूध घातले की फाटते.

तुम्ही डाळीत काही घालत होतात का, ते काकू विचारते. मी नाही विचारत.

यज्ञेश्वर

११ मे १९५५

सौ. गोदावरीबाई यांस,

'डाळ गावातल्या पाण्यात शिजवून पाहावी' हा तुमचा सल्ला पोहोचला. अपमान करण्याची ही नवी रीत आहे. आपल्या विहिरीचे पाणी माझ्या आजोबांच्या वेळी बंदरावरच्या बोटींना जात असे.

पावसाळा तोंडावर आहे. नंतर लिहीन.

यज्ञेश्वर

१९ फेब्रुवारी १९५६

सौ. गोदावरीस,

नऊ महिने मी लिहिले नाही आणि तूही विचारले नाहीस. पावसानंतर सगळे ठीक होते. दिवाळीत डाळ मऊ शिजली, म्हणून मी काही बोललो नाही. आज लिहितो ते दुसऱ्या कारणाने.

सकाळी फाटकात केसर उभी होती. डोक्यावर रिकामा हंडा, कमरेला रिकामी कळशी. मी म्हटले, उभी का, दोणीतून भर. रहाटाचे पाणी पन्हळीतून फाटकाबाहेरच्या दगडी दोणीत पडायचे आणि कोळीवाडा तिथून भरायचा, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

ती म्हणाली, "अण्णा, दोण बगा तरी येकदा."

मी पाहिली. कोरडी. आत पाला आणि सरड्याचे बीळ. इंजिनाचा नळ विहिरीतून सरळ बागेत जातो, दोण त्याच्या वाटेत येत नाही. वर्षभर मी त्या फाटकातून ये-जा करतो आहे.

"मग तुम्ही पाणी कुठून नेता?"

"हरेसरभाऊंच्या हितनं. हंड्याला आना."

"आणा कशाचा?"

"पान्याचा. दुसरा कशाचा? तुमीच सांगितलंत न्हवं बाजारात, फुकट काय देऊ नये म्हनून."

मी तसे म्हणालो नव्हतो. मी म्हणालो होतो की ज्याचे पाणी त्याचा हक्क. तिला समजावू लागलो. तिने हंडा उलटा करून त्यावर बसून माझे ऐकून घेतले. मग म्हणाली, "बोलून झालं का? ऊन चडतंय."

हरेश्वरभाऊंकडे गेलो. तो माणूस विहिरीच्या काठावर खुर्ची टाकून बसला होता आणि हाताशी डबा होता. पाणीपट्टी हा जुलूम म्हणून ज्याने सगळ्यांत आधी सही केली, तो. मी त्याला विचारले, लाज वाटते का. तो म्हणाला, "अण्णा, तुमच्यासारखं बोलता येत नाही मला. पण तुमचं सगळं भाषण पाठ आहे. ज्याचं पाणी त्याचा हक्क." आणि हसून मला पान पुढे केले. मग त्याने आपले इंजिन दाखवले. माझ्यापेक्षा दोन घोडे जास्त.

पाखाडीतल्या बावीस घरांपैकी नऊ घरे आता पाणी विकतात. मी स्वातंत्र्यासाठी माणसे जमवत होतो आणि माझ्याभोवती वाणी जमत होते. यांच्या तोंडात सत्य, न्याय, हक्क हे शब्द मी घातले. पोपटाला पेरू द्यावा आणि त्याने तो दुकानात मांडावा, तसे झाले.

धर्माजीला सांगून पाटाच्या तोंडाशी एक फाटा काढला आणि दोणीत पाणी सोडले. केसरने ओंजळ भरून तोंडात घेतली, थुंकली, आणि हंडा उचलून हरेश्वरकडे गेली.

धर्माजी खाली बघत होता. मी त्याला म्हटले, बोल. तो म्हणाला, "पानी मचूळ झालंय, अण्णा. संक्रांतीपास्नं न्हाय, गेल्या उन्हाळ्यापास्नंच. वरचं गोडं पानी इंजनानं वढून न्येलं, खालनं खाडी वर आली. बाईंनी सांगितलं व्हतं मला, अण्णास्नी सांग म्हनून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी ऐकताव कवा? तुमी बोलताव."

यज्ञेश्वर

१७ एप्रिल १९५६

गोदावरी,

काल तुझ्या नगरपालिकेचा नळ सुटला. समारंभाला मी आलो नाही. बोलावणे होते, पण 'हद्दीबाहेरील निमंत्रित' अशा रकान्यात माझे नाव होते. तो रकाना कुणाच्या डोक्यातून निघाला ते मला माहीत आहे. अध्यक्षांचे भाषण इथपर्यंत ऐकू आले. अजून व्यासच सांगत होते.

दुपारी धर्माजी बाजारातून रिकामी गाडी घेऊन परत आला. गाडीत तुझी तांब्याची कळशी, तोंडाला फडके बांधलेली. काही चिठ्ठी नाही. मी ती परत पाठवणार होतो. श्यामलाकाकूने माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "भांडण तुमचं दोघांचं आहे, डाळीचं नाही."

डाळ पाऊण तासात शिजली.

मी दोनदा वाढून घेतली. नंतर ओसरीवर बसून राहिलो. मग उठलो आणि वाडीत हिंडलो. गोदावरी, आता तुला लिहितो ते पत्रात लिहायचे नव्हते. पूर्वेकडच्या ओळीतल्या पोफळींचे शेंडे पिवळे पडले आहेत. आजोबांनी लावलेल्यांतल्या अकरा मेल्या. हे मी मार्चपासून पाहतो आहे आणि पाहिले नाही असे स्वतःला सांगतो आहे. कीड आहे म्हणालो, धर्माजी आळशी आहे म्हणालो, हवा बदलली म्हणालो. तुला इंजिन पाहायला बोलावले त्या दिवसापासून पुन्हा एकदाही 'ये' म्हटले नाही, ते रागाने नव्हे. तू विहिरीत डोकावली असतीस म्हणून.

इंजिन आज बंद केले. रहाटाची चाके गोठ्यात आहेत. दोन लोटे फुटले आहेत, बाकी शाबूत आहेत. धर्माजी म्हणतो, दोन पावसाळे हळूहळू उपसले तर विहीर सुधारेल. त्याने 'सुधारेल' म्हणताना विहिरीकडे पाहिले नाही, माझ्याकडे पाहिले.

वाडी पुन्हा हद्दीत घ्यावी असा अर्ज मी उद्यापासून घरोघर फिरवतो. निम्म्याहून जास्त घरमालकांच्या सह्या लागतात ना? बारा. मी बावीस एका दिवसात घेतल्या होत्या. पंधरवड्यात तू घरी असशील.

यज्ञेश्वर

१२ मे १९५६

गोदावरी,

तीन सह्या झाल्या. त्यांतली एक माझी, एक श्यामलाकाकूच्या नावावरच्या ओसरीची. तिसरी अंबाजीची, आणि त्याला वाचता येत नाही.

माझ्या आयुष्यात मी असा हरलो नव्हतो. चाळीस चाळीस मिनिटे एकेका ओटीवर बोललो. खारे पाणी एकाच्या विहिरीशी थांबत नाही हे समजावले, जमिनीच्या आतली रचना काठीने अंगणात काढून दाखवली. आणि प्रत्येक ओटीवर मला माझीच वाक्ये परत मिळाली. तहान नसलेल्याकडून पाण्याचे पैसे घेणे हा जुलूम आहे, असे मला त्या माणसाने सांगितले ज्याच्या डब्यात त्या वेळी तहानलेल्यांचे आणे खुळखुळत होते. हरेश्वरला मी म्हटले, तुझे इंजिन बंद कर, वर्षभरात तुझी विहीर माझ्या विहिरीसारखी होईल. तो म्हणाला, "यंत्राला भिणारा बैलाच्या मागे फिरत राहतो." आणि माझा आवाजही काढला. वाईट काढला नाही.

मी यांना ओळखले नाही हे खोटे आहे. तीस सालीही ओळखत होतो. ते टाळ्या वाजवत होते तेव्हा मला ओळखायचे नव्हते, इतकेच. माझ्या तिरस्काराचा मोठा वाटा त्यांना जातो आणि तो मी देणार आहे, पण सगळा त्यांना देऊन चालणार नाही.

तेव्हा वाडी हद्दीत येत नाही. तुझ्या चिठ्ठीप्रमाणे तू पुढच्या वर्षी मुदत संपल्यावर येशील, आणि तोवर मी इथे बसून सुपारीचे शेंडे मोजायचे. तू राजीनामा द्यावास असे मी एकदा मनात म्हटले. एकदाच. तुझा हात त्या दिवशी खाली असता तर गेल्या महिन्यात केसरच्या आळीत नळ सुटला नसता. केसरनेच मला हे सांगितले, माझ्या फाटकातून जाताना, भरला हंडा डोक्यावर घेऊन. पाण्याचा एक थेंब न सांडता म्हणाली, "बाई कमी बोलल्या, बरं झालं."

म्हणून असे ठरवले आहे. वाडी धर्माजी आणि काकू पाहतील. रहाट परवा बसला, दोणीत पाणी पडते, मचूळ आहे पण गुरे पितात. मी तुझ्या दोन खोल्यांत येतो. त्या खोल्यांची पट्टी माझ्या नावे लाव. पहिल्यांदा आयुष्यात काहीतरी भरतो आणि त्याविरुद्ध बोलत नाही, असे होईल. तुमची नगरपालिका मूर्खांची आहे हे माझे मत कायम आहे आणि अध्यक्षांबद्दल मी जेवताना बोलेन. नळावरच्या रांगेत बोलणार नाही. प्रयत्न करीन.

काल सदाला नाक्यावर विचारले, माणूस सामानासकट हद्दीत राहायला आला तर काय पडते. तो गोंधळला. पुस्तक उघडून बघितले आणि म्हणाला, "घरगुती वापराच्या वस्तूंना माफ आहे, अण्णा. पण यादी द्यावी लागेल."

यादी अशी. ट्रंक एक. वळकटी एक. पुस्तके दोन खोकी, वाचनालयातली बारा परत करायची आहेत. कळशी तुझी, धुऊन.

विहिरीचा दोर आणत नाही. नळाला लागत नाही.

सोमवारी सकाळी नाक्यावर ये. सदा म्हणतो, बाहेरच्या माणसाला हद्दीतल्या कुणीतरी ओळख द्यावी लागते. असा नियम नाही, मी पुस्तक पाहिले. तरी ये.

यज्ञेश्वर